निवड चाचणी दोन महिन्यांवर आणि गुडघा अजून कच्चा

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी 17 वर्षांची, बारावी विज्ञान शाखेत शिकणारी, कबड्डीतील चढाईपटू आहे. बोनस रेषेवरून माघारी वळताना तिच्या गुडघ्यातील एसीएल हे लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा बंध) तुटले, शस्त्रक्रियेला 4 महिने झाले, आणि ‘आता दुखत नाही, तर दोन महिन्यांनी होणाऱ्या राज्य निवड चाचणीला उतरव’ असा प्रशिक्षकांचा आग्रह आहे, असे आपण लिहिता. चाचणी हुकली तर शासकीय नोकरीतील 5 टक्के खेळाडू आरक्षणही हातचे जाईल, ही आपली धास्ती मी समजू शकतो.

तरीही तिला या चाचणीला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुखणे थांबणे आणि गुडघा खेळण्याजोगा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिगामेंटच्या जागी बसवलेला स्नायुबंध हाडात रुजून ताण सोसू लागेपर्यंत कित्येक महिने जातात, आणि नेमक्या याच काळात पाय बरा वाटत असल्यामुळे मुले फसतात. 9 महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच जास्त असतो. त्यानंतरही मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के भरली पाहिजे. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावर ती एका पायावर उडी मारून उतरते तेव्हा समोरून मोबाइलवर चित्रण करा. गुडघा आतल्या बाजूला झुकत असेल, तर तारीख काहीही असो, थांबावे.

ही दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक आढळते, म्हणून उतरण्याची आणि वळण्याची हीच शिस्त, मांडीच्या मागच्या स्नायूंच्या व्यायामासह, संपूर्ण संघाच्या सरावाआधी 15-20 मिनिटे घोटून घ्यावी. मैदानाला दोन फेऱ्या मारणे म्हणजे वॉर्मअप नव्हे. (हे प्रशिक्षकांना आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.)

विनेश फोगाट 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये गुडघा दुखावून स्ट्रेचरवरून बाहेर गेली आणि 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. आपल्या मुलीला अजून वर्षे आहेत. गुडघा दुसऱ्यांदा तुटला तर मात्र आरक्षणाचा प्रश्नच उरणार नाही. गुडघा पूर्ण बरा होईपर्यंत आजवरची प्रमाणपत्रे नीट जपून ठेवावीत आणि बारावीचा अभ्यास मार्गी लावावा. पुढे फिजिओथेरपीच्या शिक्षणाकडे जाण्याचा तिचा विचार चांगला आहे, परंतु तो तिने चाचणी हुकल्याच्या रागात पक्का करू नये.

प्रशिक्षकांना हे पत्र दाखवायचे असल्यास अवश्य दाखवावे.