विश्वस्त व्हा, पण अर्जांची छाननी आणि चेकवरची सही मागून घ्या

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुमच्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय आणि शैक्षणिक मदतनिधीच्या मंडळावर आजवर सगळे पुरुष विश्वस्त आहेत. आता एक जागा रिकामी झाली आणि निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून तुमचं नाव पुढे आलं. अध्यक्ष म्हणाले, "फक्त नाव द्या, तुम्हाला काही त्रास पडणार नाही." घरचे म्हणतात, "उद्या काही भानगड निघाली तर कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार?" हो म्हणावं का, आणि म्हणायचं तर आधी काय बघावं, असं तुम्ही विचारलंय. मी आमच्या भागातल्या अशाच एका निधीवर बरीच वर्षं विश्वस्त होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हो म्हणा. पण "फक्त नाव" या बोलीवर अजिबात म्हणू नका.

नुसत्या नावाचा विश्वस्त हा प्रकार कायद्यात नाहीच. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे, ज्याला जुनी माणसं अजून बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्ट म्हणतात. त्याच्या कलम ३६-अ चा आशय असा, की समंजस माणूस स्वतःच्या पैशाची आणि मालमत्तेची जितकी काळजी घेतो, तितकी प्रत्येक विश्वस्ताने ट्रस्टच्या कारभाराची घ्यायची. प्रत्येक म्हणजे अध्यक्षही आणि काल आलेल्या ताईही. कर्तव्यात सतत हयगय केली म्हणून धर्मादाय आयुक्त कलम ४१-ड खाली विश्वस्ताला दूर करू शकतात, आणि निष्काळजीपणामुळे ट्रस्टचं नुकसान झालं तर त्याच्याकडून वसुलीचीही तरतूद आहे. "मी मीटिंगला जात नव्हते, मला काही सांगितलं नव्हतं" हा तिथे बचाव ठरत नाही, उलट तीच तक्रार ठरते. तेव्हा घरच्यांची काळजी खोटी नाही. पण त्यावर उपाय लांब राहणं हा नसून कामात पूर्ण उतरणं हा आहे.

दुसरी एक गोष्ट मला फार टोचते. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. सहकारी संस्थांच्या समितीत महिलांच्या २ जागा असतात. ठरावीक मोठ्या कंपन्यांवर २०१३ च्या कंपनी कायद्याने किमान एक महिला संचालक घ्यायचं बंधन घातलं. धर्मादाय ट्रस्टला मात्र असं काहीच बंधन नाही. ट्रस्टच्या घटनेत काय लिहिलंय आणि बसलेल्या विश्वस्तांच्या मनात काय आहे, त्यावर सगळं अवलंबून. मदत मागायला येणाऱ्यांत विधवा, नवऱ्याने टाकलेल्या बायका, फी थकलेल्या मुली यांची रांग मोठी, आणि ठरवणाऱ्यांत एकही बाई नाही, हे चित्र कितीतरी ठिकाणी आहे. वर्गणी गोळा करायला बायका पूर्वीपासून आहेतच. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या, १९१८ साली त्याच कामासाठी अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम, आणि तिकडे पोट भरायला लोकांच्या घरी कामंही केली. पैसे उभे करायला बाई चालते, मग ते कुठे जायचे हे ठरवताना तिच्यासाठी खुर्ची का नसावी? तुम्हाला "हो" म्हणायला सांगते ते यासाठी.

आता संमतीपत्रावर सही करण्याआधीचं. ट्रस्टची घटना किंवा ट्रस्ट डीड, परिशिष्ट १ ची (म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या ट्रस्टच्या उताऱ्याची) अलीकडची नक्कल, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि सध्याच्या मुदत ठेवींची यादी, एवढं मागा. द्यायला खळखळ केली तर तेच तुमचं उत्तर समजा. परिशिष्ट १ जरूर बघा, कारण तिथे पुष्कळदा वारलेल्या माणसांची नावं विश्वस्त म्हणून तशीच असतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कलम २२ प्रमाणे बदल अर्ज, आपल्या भाषेत चेंज रिपोर्ट, धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. जुने चेंज रिपोर्ट वादात अडकले असतील तर तुमचाही त्यांच्यामागे अडकतो. मग तुम्ही मीटिंगमध्ये बसता, सह्या करता, पण नोंदवहीत तुमचं नाव नसतं. तुमचा चेंज रिपोर्ट दाखल झाला की त्याचा नंबर मागून घ्या आणि स्वतःच्या फायलीत ठेवा.

मंडळात गेल्यावर तुम्हाला काय देऊ करतील तेही सांगते. वर्धापनदिनाचं सूत्रसंचालन, हळदीकुंकू, बक्षीस समारंभात पाहुण्यांचा सत्कार. ही कामं वाईट नाहीत, पण त्यातच अडकलात तर वर्ष निघून जातं. तुम्ही अर्ज छाननी समितीत जागा मागा.

का, ते आमच्याकडच्या एका गोष्टीवरून सांगते. आमचा शैक्षणिक मदतीचा अर्ज छापील, पाठपोट. त्यात "वडिलांचा व्यवसाय", "वडिलांचे वार्षिक उत्पन्न" आणि शेवटी "वडिलांची सही". आईसाठी एकही रकाना नाही. जूनमध्ये अर्ज यायचे, कार्यालयातले एक गृहस्थ ते तपासायचे आणि अपूर्ण अर्जावर लाल शाईने "अपूर्ण" लिहून बाजूला टाकायचे. मंडळासमोर फक्त पूर्ण अर्ज यायचे. म्हणजे आम्ही ज्यातून निवड करायचो, त्यातून कोण आधीच गळलंय हे कुणाला ठाऊकच नव्हतं. नामंजूर गठ्ठा बघायला मागितला तेव्हा त्यात जीएनएम नर्सिंगला लागलेल्या एका मुलीचा अर्ज होता. मार्कशीट, प्रवेशाचं पत्र, फीची पावती, सगळं जोडलेलं. वडिलांच्या सहीच्या जागी आईने अंगठा उठवून खाली कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, "नवरा नांदवत नाही, कुठे आहे माहीत नाही." तलाठ्याने वडिलांची कागदपत्रं मागितल्यामुळे उत्पन्नाचा दाखला अडला होता. त्या गठ्ठ्यात असे आणखी अर्ज होते. तपासणारे गृहस्थ दुष्ट नव्हते, नियम होता तसा त्यांनी लावला. फक्त नियम करताना नांदवत नसलेल्या नवऱ्याचा विचार कुणी केलेला नव्हता.

आम्ही ठराव करून अर्ज बदलला. "पालकाची सही" केलं, आईचं उत्पन्न वेगळं विचारलं, आणि दाखला नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र किंवा आशाताईकडून चौकशी चालेल असं लिहून टाकलं. फीचा चेक थेट कॉलेजच्या नावे आणि घरखर्चाची मदत बाईच्याच बँक खात्यात, दिराच्या किंवा सासऱ्याच्या खात्यात नाही, हेही त्याच ठरावात घेतलं. अलीकडे शासनानेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं आवश्यक केलंय, पण खाजगी निधींचे जुने छापील अर्ज अजून तसेच चालू आहेत. तुम्ही मुख्याध्यापिका होतात, कुठल्या मुलीचा बाप नांदवत नाही आणि कुठल्या घरी दारू आहे हे तुम्हाला अर्ज बघूनच कळेल. मंडळाला नेमकी हीच जाण हवी आहे, त्यांना ती हवी आहे हे अजून कळलं नसलं तरी.

वैद्यकीय मदतीच्या बाबतीत एक पक्कं लक्षात ठेवा. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांनी कलम ४१-अअ खालच्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी ती रुग्णालयं बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवतात. रुग्ण त्या योजनेत बसत असेल तर तुमच्या निधीचा पैसा आधी घालू नका. त्या रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला पत्र द्या, फोन करा, खाट मिळवून द्या. वाचलेले पैसे ज्याला कुठेच आधार नाही त्याच्या कामी येतात. आमच्याकडे हे व्यवस्थित सुरू झाल्यावर त्याच रकमेत जास्त माणसांना हात देता आला.

आता सही. बँक खात्यावर सहसा अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांच्यापैकी दोघांच्या सह्या लागतात. पहिल्याच वर्षी नाही जमलं तरी खजिनदार किंवा सहखजिनदार व्हायची तयारी बोलून दाखवा. सही तुमची असली की बिल तुमच्यासमोर येतं, आणि बिल समोर आलं की प्रश्न विचारता येतो. कोऱ्या चेकवर सही मागितली तर द्यायची नाही, मागणारा कितीही भला असो. मुदत ठेवी कुठे आहेत तेही बघा. जादा व्याजाच्या मोहाने गावातल्या पतसंस्थेत ट्रस्टचे पैसे ठेवायची सवय अनेकांना आहे. कलम ३५ मध्ये ठेवीसाठी शेड्यूल्ड बँक, पोस्ट आणि मान्यता असलेल्या सहकारी बँका आहेत, पतसंस्था नाही. शिवाय बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. असं काही दिसलं तर भांडण न करता "मुदत संपेल तशी रक्कम बँकेत वळवावी" असा ठराव मांडा. स्वतः सूचक व्हा, अनुमोदक आधी गाठून ठेवा.

मीटिंगबद्दल. आमच्याकडे ती रात्री साडेआठला सचिवांच्या दुकानाच्या माळ्यावर व्हायची. शेवटची एसटी त्याआधीच गेलेली असायची. बाई आली नाही की "त्यांना वेळ नसतो" म्हणायचं आणि चार दिवसांनी शिपायाच्या हाती प्रोसिडिंग बुक घरी पाठवायचं, "वहिनी, इथे तेवढी सही." तुमच्या दारात असा शिपाई आला तर त्याला पाणी द्या आणि वही सहीशिवाय परत पाठवा. हजर नसताना हजेरीची सही करायची नाही, हे पहिल्याच वेळी कळलं की पुन्हा वही येत नाही. सभेची वेळ रविवारी सकाळची मागा. नोटीस आणि विषयपत्रिका आधी लेखी मागा, आता व्हॉट्सॲपवर पाठवायलाही कुणाला जड नाही. एखादा ठराव पटला नाही तर तोंडी कुरबुर करून घरी जाऊ नका, "माझा विरोध नोंदवावा" म्हणा आणि तो लिहिला गेलाय हे पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना वाचून बघा. उद्या खरंच कोर्टाची वेळ आली तर त्या दोन ओळीच तुमच्या बाजूने बोलतील.

जवळच्या नातेवाइकाचा अर्ज आला तर आधीच सांगून टाका आणि त्या विषयापुरत्या सभेतून बाहेर पडा. विश्वस्तांच्या नात्यागोत्यात पैसा फिरला तर आयकरातली सवलतही धोक्यात येते. पुतण्याला मदत हवीच असेल तर आपल्या पेन्शनमधून करावी.

आणखी एक मागणी, बहुधा सगळ्यांत अवघड. वर्षभरात आणखी एक बाई मंडळावर आणा. एकटी असली की तुमचं म्हणणं हे "ताईंचं म्हणणं" होतं, दोघी असल्या की तो मुद्दा होतो. ती कुणा विश्वस्ताची सून किंवा पत्नी नसावी. तालुक्याच्या गावची नर्स, बचतगटाचे हिशेब सांभाळलेली बाई, निवृत्त तलाठी, अशा कितीतरी जणी आहेत. हिशेब कळणारी बाई मिळत नाही असं कुणी म्हणालं तर बचतगटाच्या वह्या दाखवा.

आणि नाहीच पटलं तर बाहेर पडायची वाटही माहीत हवी. तोंडी राजीनामा म्हणजे राजीनामा नव्हे. लेखी द्या, पोच घ्या, आणि तुमचं नाव कमी झाल्याचा चेंज रिपोर्ट दाखल झाला का याचा पाठपुरावा करा. मंडळ टाळाटाळ करत असेल तर राजीनाम्याची प्रत स्वतः धर्मादाय कार्यालयात देऊन शिक्का मारून आणा.

सध्या अध्यक्षांना फोनवर होकार देऊ नका, पत्र लिहा. मसुदा असा ठेवता येईल: "आपल्या निधीवर विश्वस्त म्हणून काम करण्यास मला आनंद वाटेल. संमतीपत्र देण्यापूर्वी घटना, परिशिष्ट १ ची नक्कल, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि ठेवींची यादी पाहावयास मिळावी. अर्ज छाननी समितीत काम करण्याची माझी इच्छा आहे. सभा शक्यतो रविवारी सकाळी ठेवावी, ही विनंती." खाली तारीख घाला, एक प्रत स्वतःकडे ठेवा. कागद हातात आले की ऑडिट रिपोर्टमधलं काही अडलं तर इथेच विचारा, मी आणि इथले आणखी काही जण आहोत.