चिमेनेआ, चिमणी आणि विकत मिळणारी शेकोटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका बाईंनी परसात ठेवायला मेक्सिकन मातीची शेकोटी आणली. पोट सुटलेल्या माठासारखी, पुढे तोंड, वर उंच गळा. दुकानात तिला 'चिमिनीया' म्हणतात. पुण्याहून आलेल्या सासूबाई तिला 'चूल' म्हणतात, नवरा 'फायरप्लेस' म्हणतो आणि पाच वर्षांचा मुलगा सरळ 'चिमणी'. बाईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: हा शब्द आपल्या चिमणीचाच भाऊबंद आहे का, मराठीत या वस्तूला नेमकं काय म्हणावं, आणि मुलाला दुरुस्त करावं का.

आधी मूळ शब्द. स्पॅनिशमध्ये तो 'चिमेनेआ'. चार अक्षरं, जोर 'ने'वर. इंग्रजीभाषकांनी दुसऱ्या अक्षरातला 'ए' घासून 'इ' केला आणि 'चिमिनीया' झालं. अमेरिकेतल्या दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही लेखनं दिसतात. गंमत अशी की मेक्सिकोत जाऊन नुसतं 'चिमेनेआ' म्हटलंत तर समोरच्याला तुमची मातीची वस्तू कळेलच असं नाही. तिथे दिवाणखान्यातल्या भिंतीतली आगही चिमेनेआ, छपरावरचं धुराडंही चिमेनेआ, कारखान्याचा उंच मनोराही चिमेनेआ, आणि ज्वालामुखीच्या पोटातून लाव्हा वर येतो ती नळीसुद्धा चिमेनेआच. तुमच्याकडची वस्तू हवी असेल तर 'चिमेनेआ दे बार्रो' म्हणावं लागतं, म्हणजे मातीची चिमेनेआ. एका सर्वसाधारण शब्दाचा एवढा एकच अर्थ उचलून इंग्रजीने तो अंगणात नेऊन ठेवला.

आता हा शब्द मेक्सिकोचा तरी आहे का? नाही. स्पॅनिशने तो फ्रेंच 'शमिने'वरून घेतला. फ्रेंचच्या मागे उत्तरकालीन लॅटिनमधला 'कामिनाता', म्हणजे शेकोटी असलेली खोली. त्याच्या मागे लॅटिन 'कामिनुस' आणि त्याच्याही मागे ग्रीक 'कामिनोस', म्हणजे भट्टी. भट्टीवरून भट्टी असलेली खोली, खोलीवरून खोलीतली आग, आगीवरून तिचा धूर बाहेर नेणारी वाट, असा अर्थ सरकत गेला. वाटेत प्रत्येक भाषेने आपल्याला हवा तो थांबा पकडला. जर्मनने 'कामिन' हा शब्द शेकोटीसाठी ठेवला आणि 'केमेनाटे' हा गढीतल्या उबदार खोलीसाठी. रशियनमध्ये 'कोम्नाता' म्हणजे साधी खोली. आज तिच्यात आगीचा मागमूस नसला तरी नाव त्याच 'कामिनाता'चं. पोलिश 'कोमिन' थेट धुराड्यावर जाऊन पोचला. इंग्रजी 'चिमनी' हे फ्रेंच शब्दाचंच पोर, आणि मध्ययुगीन इंग्रजीत तिचाही अर्थ आधी शेकोटी असाच होता. धुराड्यापुरता तो नंतर उरला.

एक सापळा इथेच सांगून टाकतो, कारण स्पॅनिश शिकणारे हमखास त्यात पडतात. स्पॅनिश 'कामिनो' म्हणजे रस्ता, आणि फ्रेंच 'शमँ' म्हणजेही रस्ता. दिसायला अगदी जुळी भावंडं, म्हणून धुराची वाट ती चिमेनेआ अशी व्युत्पत्ती लोक मोठ्या हौसेने सांगतात. पण रस्त्याचा शब्द केल्टिक, म्हणजे युरोपातल्या एका वेगळ्या जुन्या भाषाकुळातल्या मुळाचा आहे, त्याचं भट्टीशी नातं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. स्पॅनिशमध्ये भिंतीतल्या, चौकट आणि वर फळी असलेल्या दिवाणखान्यातल्या शेकोटीला 'चिमेनेआ फ्रान्सेसा' म्हणतात, म्हणजे फ्रेंच चिमेनेआ. आणि अमेरिकन माणूस परसातल्या मातीच्या वस्तूला मेक्सिकन फायरप्लेस म्हणतो. आग आपल्या घरातली असली तरी नाव शेजाऱ्याचं लावायचं, असं काहीतरी दिसतं.

मेक्सिकोची खरी देशी चूल मात्र वेगळी, आणि तिचं नावही वेगळं. अझ्टेकांच्या नावात्ल भाषेत तिला 'त्लेकुइल्ली' म्हणत. 'त्लेत्ल' म्हणजे अग्नी. मध्य मेक्सिकोतल्या खेड्यांत आजही 'त्लेकुइल' हा शब्द चालतो. तिचे तीन दगड म्हणजे 'तेनामास्त्ली', आणि त्यांवर 'कोमाल', म्हणजे मातीचा तवा, ज्यावर मक्याची तोर्तिया भाजतात. तीन दगड मांडून चूल करायची, वर मातीचा तवा ठेवून भाकरी भाजायची. सासूबाईंना हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्यांनी 'चूल' म्हटलं ते मेक्सिकोच्या दृष्टीने अगदी घरचं आहे, फक्त चुकीच्या वस्तूकडे बोट दाखवून.

आता आपल्या चिमणीकडे येऊ. पाखराची चिमणी अस्सल आपली: चिमणा, चिमणी, चिमुकला, म्हणजे लहानगा. गिरणीची चिमणी, कंदिलाची चिमणी आणि हल्ली स्वयंपाकघरात शेगडीवर लटकते ती चिमणी ही परकी, इंग्रजी 'चिमनी'वरून आलेली. मग इंग्रजीतला 'न' आपल्याकडे 'ण' कसा झाला? आपण इंग्रजीतून घेतलेल्या शब्दांत 'न' सहसा 'न'च राहतो: इंजिन, मशीन, लाईन. इथे मात्र आधीपासून घरट्यात बसलेल्या पाखराने परक्या शब्दाला आपल्या पंखाखाली घेतलं, असं मला वाटतं. जिभेला ओळखीचा शब्द सापडला की ती परक्याला त्याच्याच ताटात वाढते.

काही जण विचारतील की हा शब्द पोर्तुगीजांकडून कशावरून आला नाही, कारण पोर्तुगीज 'शामिने' हा याच कुळातला. यावर लगेच दिलं जाणारं उत्तर म्हणजे त्यांचा 'श' आणि आपला 'च'. ते उत्तर कच्चं आहे. जुन्या पोर्तुगीजमध्ये त्या जागी 'च'च होता आणि आपल्या 'चावी'त तो जिवंत आहे. खरा पुरावा स्वरांचा. पोर्तुगीज शब्दात पहिला स्वर 'अ'कडचा आणि जोर शेवटच्या 'ने'वर. तो आपल्याकडे आला असता तर 'चमिने' किंवा 'चामिनी' असं काहीतरी मिळालं असतं. 'चिमणी'त पहिलंच अक्षर 'चि' आहे, आणि म्हणून माझं मत इंग्रजीच्या बाजूला.

त्यातून रॉकेलच्या चिमणीचं एक कोडं उरतंच. कंदिलावरची काच ती चिमणी, हे समजतं, कारण ती धूर वर नेते. पण खेड्यापाड्यांत जिला चिमणी म्हणत तो पत्र्याचा बुटका दिवा, वात आणि रॉकेल. त्याला काच नसायचीच! म्हणजे धूर नेणारी नळी गळून पडली आणि तिचं नाव आगीवर येऊन बसलं. की तो दिवा लहानसा, म्हणून पाखराच्याच अर्थाने चिमणी? दोन्ही वाटा मला पटतात आणि त्यांतली एक निवडायची घाई मी करणार नाही.

अशीच उलटी चाल आपल्या 'धुराड्या'तही आहे. ऊसपट्ट्यात गाळप हंगाम जवळ आला की वर्तमानपत्रांत हमखास मथळा येतो: साखर कारखान्यांची धुराडी पेटणार. धुराडं कसं पेटेल? पेटतो बॉयलर, आणि त्याच्या समारंभाच्या पत्रिकेवर 'बॉयलर अग्निप्रदीपन' असं भारदस्त नाव छापलेलं असतं. पण लांबून दिसतं ते धुराडं, म्हणून तेच पेटतं आणि तेच विझतं. युरोपात भट्टीचा शब्द धुराड्यावर चढला, आपल्याकडे धुराड्याचा शब्द भट्टीत उतरला. आग आणि तिच्या धुराची वाट यांना भाषा फार काळ वेगळं ठेवत नाही. मुंबईत मात्र गिरण्यांच्या बाबतीत 'चिमण्या' हाच शब्द ऐकला आहे. धुराडं हे ऊसवाल्यांचं.

बरं, मग वस्तूला म्हणायचं काय? इथे बाईंच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि तो त्यांनी न विचारता विचारला आहे. त्या लिहितात, "आम्ही एक शेकोटी विकत आणली." हे वाक्य वाचताना मी अडखळलो. शेकोटी विकत मिळते का?

मराठीत शेकोटी ही वस्तू नाही. शेकोटी पेटवतात, शेकोटीभोवती बसतात, शेकोटी विझते आणि सकाळी तिची राख उरते. चार काटक्या, थोडा पालापाचोळा आणि हात पुढे केलेली माणसं इतकं जमलं की शेकोटी होते. ती उचलून गाडीत घालता येत नाही. 'आगटी'चंही तसंच, जुन्या लोकांच्या तोंडी ती अंगणात किंवा खळ्यावर पेटवलेली आग असते, क्वचित तिच्यासाठी केलेला खड्डाही. उचलता येते ती शेगडी. शेगडीला अंग असतं, तोंड असतं, ती बाजारातून आणतात, उन्हात ठेवतात, फुटली तर टाकून देतात. स्पॅनिशमध्येही हा फरक आहे: उघड्यावरची आग 'फोगाता', चूल 'फोगोन', आणि उचलून नेता येईल अशी निखाऱ्यांची शेगडी 'आनाफ्रे'. यातला 'आनाफ्रे' अरबीतून आला, मूळ अर्थ फुंकणारा. फुंकणीशिवाय शेगडी पेटत नाही, हे अरबांनाही माहीत होतं.

'शेगडी'चं मूळही ऐकण्यासारखं आहे. संस्कृतात निखारे ठेवायच्या पात्राला 'अंगारशकटी' म्हणत, म्हणजे निखाऱ्यांची गाडी, आणि शेगडीचा संबंध त्या 'शकटी'शी लावतात. हिंदीतली अंगीठी वेगळ्या घरची. ती 'अग्निष्ठिके'ची लेक. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या 'वैश्यवर्ग' या भागात चुलीच्या नावांपाठोपाठ याच अंगारशकटीचं आणखी एक नाव दिलं आहे: 'हसंती'. हसणारी! राखेखालून निखारे फुलताना ज्याने पाहिले आहेत त्याला या नावाचा अर्थ विचारावा लागत नाही. इतका सुंदर शब्द आपण वापरातून जाऊ दिला याचं मला खरंच वाईट वाटतं. पण तो आज टेक्सासच्या परसात नेऊन बसवायचा हट्टही मी धरणार नाही. शेजारीण 'कोण हसतंय?' असं विचारेल.

तेव्हा माझं मत: वर्णन करायचं असेल तर 'धुराड्याची शेगडी' म्हणा. 'मातीची मेक्सिकन शेकोटी' हे जाहिरातीला ठीक, पण त्यात वस्तू हरवते. 'चूल' नको, कारण चुलीवर काहीतरी शिजलं पाहिजे, आणि तुमच्या या वस्तूचं वरचं तोंड धुरासाठी राखलेलं आहे. तिथे भांडं ठेवलंत तर धूर पुढच्या तोंडातून तुमच्याच डोळ्यांत येईल. हीच तर तिची करामत आहे. पोटात आग, वर निमुळता होत गेलेला गळा. तापलेली हवा गळ्यातून वर चढते, पुढच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते आणि बसणाऱ्याला धुराशिवाय ऊब मिळते. शेगडी हे करत नाही, म्हणून 'धुराड्याची' हे विशेषण हवंच. (त्या पुढच्या तोंडाला स्पॅनिशमध्ये 'बोका' म्हणतात. आपला बोकाही थंडीत बरोबर तिथेच येऊन बसतो, पण त्याचं याच्याशी नातं नाही.)

परका शब्दच वापरायचा असेल तर लिहिताना 'चिमेनेआ' लिहा. बोलताना आपली जीभ मध्ये 'य' घालणारच आणि 'चिमेनेया' होईल, त्याला हरकत नाही. लिंग स्त्रीलिंगी ठेवा. स्पॅनिशमध्येही ती 'ला चिमेनेआ' आहे, आणि आपल्या चूल, शेगडी, शेकोटी, आगटी सगळ्या बायकाच आहेत. पंचाईत होते ती विभक्तीत. शाळा-शाळेत, अमेरिका-अमेरिकेत या चालीने 'चिमेनेएत' करावं लागेल, आणि ते उच्चारून पाहा म्हणजे कळेल. म्हणून इथे 'य'वाल्या रूपाची मदत घ्यावी. आशिया-आशियात, तसं 'चिमेनेयात लाकडं घातली'. लिंग एकीकडचं आणि विभक्ती दुसरीकडची, हे व्याकरणाच्या शिस्तीत बसत नाही. पण बोलणारे तेच करतील, पैज लावतो.

शब्दाच्या निमित्ताने वस्तूबद्दलही दोन शब्द, कारण प्रश्नात शेवटी "पहिल्याच दिवशी बारीक तडा गेला" असंही आहे. ही माती चिनी मातीसारखी कडक भाजलेली नसते, आपल्या माठाच्या जातीची, पाणी पिणारी असते. नवी असताना मोठा जाळ घातला की आत मुरलेलं पाणी वाफ होऊन वाट शोधतं. तळाला वाळूचा थर घालून पहिले काही दिवस काटक्यांचा छोटा जाळ करायचा, प्रत्येक वेळी तिला आपोआप निवू द्यायचं, आणि तापलेली असताना पाणी कधीच ओतायचं नाही. पावसात झाकून ठेवायची. बारीक तडा असेल तर लगेच टाकून देऊ नका, पण तो वाढतोय का यावर लक्ष ठेवा. नवा माठ घरात आला की आपण आधी त्यात पाणी भरतो. ती सवय मात्र इथे उपयोगाची नाही.

राहिला मुलगा. त्याला दुरुस्त करू नका. 'चिमेनेआ' आणि आपली धुराची 'चिमणी' या एकाच फ्रेंच शब्दाच्या दोन शाखा आहेत, एक स्पेनमार्गे मेक्सिकोत गेली, दुसरी इंग्लंडमार्गे मुंबईत आली, आणि तुमच्या परसात दोघींची गाठ पडली. घरातल्या चौघांपैकी शब्दाच्या सगळ्यात जवळ तोच आहे. फक्त तिच्या गळ्यात खरोखरीच्या एखाद्या चिमणीने घरटं केलं नाही ना, एवढं पेटवण्याआधी त्याला वाकून बघायला सांगा.