घ्यायला जमतं, विकायला जमत नाही

प्रश्न: मी ताळेबंद वगैरे वाचून स्वस्तात मिळणारे शेअर घेतो, पण विकायची वेळ आली की हातच चालत नाही. एक शेअर ६० ला घेतला, माझ्या हिशेबाने त्याची खरी किंमत १०० आणि आता भाव ९० आहे. दुसरा घेतल्यापासून ४० टक्के पडलाय, तो मुद्दल निघाली की सोडीन म्हणतो. काय करू?

उत्तर: दुसऱ्याचं आधी बोलू, खरी गडबड तिथेच आहे. ४० टक्के पडलेल्या शेअरला मुद्दलीवर यायला जवळपास ६७ टक्के चढावं लागतं, आणि तो का चढावा याचं उत्तर ‘कारण मी महाग घेतला’ हे नसतं. नफ्यातला पटकन विकायचा आणि तोट्यातला कवटाळून बसायचं, या सवयीवर शेफ्रिन आणि स्टॅटमन या दोन अर्थ-अभ्यासकांनी १९८५ मध्येच पेपर लिहिलाय, म्हणजे तुम्ही एकटे नाही. घेताना काय बघून घेतला होता ते आठवा, समजा कंपनीचं कर्ज फिटेल म्हणून घेतला होता, मग फिटतंय का? नसेल तर भाव न बघता विका. फिटत असेल आणि नुसता भावच पडला असेल तर विकायचं कशाला?

आता ९० वाला. स्वस्त शेअर हेरून घ्यायची पद्धत रुजवणाऱ्या बेंजामिन ग्रॅहमचा नियम सोपा, ५० टक्के नफा किंवा साधारण दोन वर्षं, जे आधी होईल तेव्हा विका. तुमचे ५० टक्के झालेत, पण तो नियम ३० एक स्वस्त शेअर एकदम घेणाऱ्यासाठी होता, मोजके शेअर अभ्यासून घेणाऱ्याने तो डोळे झाकून लावू नये असं मला वाटतं. त्यापेक्षा हिशेब करा. समजा नफ्यावर १५ टक्के टॅक्स आहे, तर ३० च्या नफ्यातले साडेचार गेले, हातात साडेपंच्याऐंशी. त्याचे १०० व्हायला नवीन शेअर १७ टक्के वाढायला हवा, आहे तो ठेवला तर ११ टक्क्यांतच काम होतं (पुढे तो विकताना टॅक्स आहेच, पण तो लांबतो). म्हणून समोर खरंच बराच स्वस्त शेअर दिसत असेल तरच बदला, नाहीतर थांबा, १०० च्या आसपास आला की शेवटच्या दोन रुपयांसाठी अडून न बसता मोकळे व्हा. आणि हो, तो १०० चा आकडा दरवर्षी निकाल आले की परत काढा, कमाई वाढली असेल तर खुशाल ११५ धरा, पण नुसता भाव वाढला म्हणून आकडा वर सरकवू नका, बरेच जण नकळत हेच करतात.