आत कोणी उतरलंय का? ‘अवतार’ शब्दाविषयी

प्रश्न असा आहे: ऑनलाइन गेममध्ये आपण जे पात्र घेऊन हिंडतो त्याला इंग्रजीत ‘ॲव्हटार’ म्हणतात. मराठीत लिहिताना सरळ ‘अवतार’ म्हणावं का? आपल्याकडे अवतार म्हटलं की एकतर विष्णू आठवतो, नाहीतर पिंजारलेले केस. आणि प्रोफाइलवरच्या चित्रालाही हाच शब्द चालेल का?

गेमसाठी बिनदिक्कत चालेल. चित्रासाठी मला पटत नाही. का, ते धातूपासून सांगावं लागेल.

‘अव’ म्हणजे खाली आणि ‘तॄ’ म्हणजे तरणं, पार जाणं. तीर्थ, तारू ही याच धातूची लेकरं. अवतरणचिन्हातलं ‘अवतरण’ तर अवताराचं सख्खं भावंड: दुसऱ्याच्या ग्रंथातलं वाक्य आपल्या पानावर उतरवायचं. म्हणजे मुळात या शब्दाला रूपाशी, वेशाशी, चेहऱ्याशी काही देणंघेणं नाही. त्यात आहे ती हालचाल. कोणीतरी पलीकडच्या जगातून इथे खाली येतं. (जाता जाता: ‘यदा यदा हि धर्मस्य’ या श्लोकांत अवतार हा शब्द नाही. तिथे ‘सृजाम्यहम्’ आणि ‘संभवामि’ आहे.)

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत पोचला आणि पुढे ‘एखाद्या गुणाचं मूर्तिमंत रूप’ अशा अर्थाने तिथे रुळला. गेममध्ये तो दोन वाटांनी आला आणि त्या वाटा एकमेकींच्या उलट्या दिशेने जातात, हे फारसं कोणी सांगत नाही.

पहिली वाट रिचर्ड गॅरियट या गेमनिर्मात्याची. १९८५ साली त्याचा ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ हा संगणकावरचा गेम आला. तोवरच्या अशा गेममध्ये राक्षस मारायचे, गावात चोऱ्या करायच्या आणि शेवटी मोठ्या खलनायकाला आडवं करायचं. या गेमला खलनायकच नव्हता. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवायचे, मग तुम्ही अवतार. आंधळ्या दुकानदारीणबाईला कमी पैसे टेकवले तर गेम ते लक्षात ठेवायचा. छानच कल्पना, पण शब्दाच्या दृष्टीने बघा, इथे माणूस वर चढतो आहे. आपण याला ‘नराचा नारायण होणं’ म्हणतो. अवतार याच्या बरोबर उलटा.

दुसरी वाट ‘हॅबिटॅट’ची. १९८०च्या दशकाच्या मध्यावर लुकासफिल्मच्या गेम विभागाने कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी, फोनच्या तारेवरून चालणारं एक सामायिक चित्रगाव बनवलं. त्यात प्रत्येक माणसाची पडद्यावर एक बाहुली असे. हॅबिटॅटचा एक रचनाकार चिप मॉर्निंगस्टार याने तिला नाव दिलं अवतार. या बाहुल्यांची मुंडकी काढता-घालता येत आणि वेगळं मुंडकं हवं असेल तर गेममधले पैसे मोजावे लागत. आज बंदुकीला आणि पात्राला नवनव्या ‘स्किन’, म्हणजे वरवरची रूपं, घेण्यात खिसे रिकामे होतात, त्याची ही पणजीच. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ही म्हण तेव्हाही लागू होती. पण शब्द मात्र अचूक बसला: हाडामांसाचा माणूस घरात खुर्चीवर, आणि तोच एका लहानशा, सपाट जगात उतरलेला. इथे नारायणाचा नर होतो. पुढे १९९२च्या ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीने हा अर्थ जगभर नेला. तिचा लेखक नील स्टीव्हन्सन याला आधी वाटलं होतं, हा अर्थ आपणच दिला. हॅबिटॅटवाल्यांनी तो आधीच वापरल्याचं त्याला मागाहून कळलं.

यावरून मी माझ्यापुरती एक कसोटी केली आहे: आत कोणी उतरलंय का? गेममधली तुमची योद्धी, जिला तुम्ही चालवता, ती अवतार. एकाच खेळाडूची तीन पात्रं असतील तर तीन अवतार, हवं तर दुय्यम पात्रांना अंशावतार म्हणा. पण गावाच्या वेशीवर उभा राहून तेच वाक्य शंभरदा बोलणारा पहारेकरी अवतार नाही. त्याच्या आत कोणीच नाही. तो नुसता पात्र. प्रोफाइलवरचं मांजर किंवा बॅटमॅनही अवतार नाही, ते चित्र आहे. ‘डीपी’ म्हणतातच सगळे, म्हणू द्या. आणि विकत घेतलेल्या स्किनला ‘सोंग’ हा शब्द मला फार आवडतो, पण तो कोणी वापरेल अशी आशा नाही.

टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चं काय? तिथे बाहुली आत जात नाही, माणूस स्वतःच बोलतो. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ येतो तो कोकणातला दशावतार. लिखित संहिता नाही, आख्यान ठरलेलं आणि संवाद उभ्या जागी सुचेल तसे. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ हे दशावतारी नटाबद्दल म्हणतात. रात्री दोनपर्यंत ऑनलाइन किल्ला लढवून सकाळी लोकल पकडणाऱ्यालाही ते चालून जाईल. तरी अशा खेळातल्या व्यक्तिरेखेला मी ‘पात्र’च म्हणेन. राजाचं काम करणाऱ्या नटाला कोणी राजाचा अवतार म्हणत नाही.

आता पिंजारलेले केस. ते बघून आई म्हणते, ‘काय हा अवतार!’ यात हालचाल गळाली आणि दिसणं तेवढं उरलं. मला वाटतं, उतरणं कोणालाच दिसत नाही, दिसतो तो खांबातून निघालेला नरसिंह. रुद्रावतार म्हणतानाही आपण चेहराच बघत असतो. शब्द घसरल्याची ही एकटी उदाहरणं नव्हेत. फ्रेंचमध्ये तेओफील गोतिएने १८५६ साली ‘अवतार’ नावाची कथा लिहिली. तीत भारतात विद्या शिकून आलेला एक डॉक्टर दोन माणसांच्या आत्म्यांची शरीरं बदलून टाकतो. आजच्या फ्रेंच बोलण्यात या शब्दाचा एक अर्थ चक्क ‘विघ्न, फजिती’ असा आहे. त्यापुढे आपल्या आयांनी काहीच बिघडवलेलं नाही.

उरला लेखनाचा मुद्दा. जेम्स कॅमेरॉनच्या २००९च्या चित्रपटाचं नाव ‘ॲव्हटार’ असं लिहिलेलं मला खुपत नाही, ते विशेषनाम आहे. (निळ्या शरीरात जेक खरोखरच उतरतो, त्यामुळे कसोटीलाही तो उतरतो.) सामान्यनाम म्हणून मात्र ‘अवतार’च लिहावं. त्याचं सामान्यरूप तयार आहे: अवताराचा, अवताराला, अवतारांमध्ये. ‘ॲव्हटारचा’ लिहिलं की शब्द ताठ उभा राहतो, आणि ‘ॲव्हटाराचा’ मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.