सुट्टीत घरच्यांबरोबर पाहिलेल्या नव्या चित्रपटांवर नेमकं मत कसं द्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: सुट्टीत घरच्यांबरोबर चार-पाच नवे चित्रपट पाहून झाले, ओळखीचे लोक आता 'कोणता बघू?' म्हणून विचारतात, आणि 'छान आहे' किंवा 'रटाळ आहे' याच्या पुढे तुम्हाला काही सांगता येत नाही. त्यात घरात प्रत्येकाचं मत निराळं.

हे शब्द कमी पडल्यामुळे होत नाही. सुट्टीतल्या मतात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: चित्रपट, तो ज्या पडद्यावर आणि ज्या आवाजात पाहिला ती व्यवस्था, आणि सोबतची माणसं. विचारणाऱ्याला मुख्यतः पहिली गोष्ट हवी असते. उरलेल्या दोन बाजूला काढल्या की सांगण्यासारखं भरपूर सापडतं.

आधी माणसांचं बघू. चित्रपट संपल्यावर जो पहिला आणि ठाम बोलतो, त्याच्याकडे बाकीचे झुकतात. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात रेषांच्या लांबीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. बरोबर उत्तर डोळ्यांसमोर असूनही, गटातले इतर सगळे चुकीचं उत्तर देत आहेत असं पाहिल्यावर अनेक जण त्यांच्यामागे गेले. चित्रपटाच्या बाबतीत तर बरोबर उत्तर असं काही नसतंच, त्यामुळे झुकणं आणखी सोपं. म्हणून शेवटची नामावली चालू असतानाच, कुणी तोंड उघडण्याआधी, प्रत्येकाने चिठ्ठीवर किंवा फोनमध्ये तीन गोष्टी लिहाव्यात: दहापैकी गुण, लक्षात राहिलेलं एक दृश्य, आणि लक्ष उडालं ती एक जागा. त्यानंतर गप्पा.

यातली तिसरी नोंद सर्वांत मोलाची आणि सर्वांत आधी विसरली जाणारी. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये लोकांना छोट्या चित्रफिती दाखवून त्यांचे शेरे तपासले होते. एकूण शेरा बहुतांशी दोन गोष्टींवर ठरत होता, सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट. चित्रफीत किती वेळ चालली याचा परिणाम फारच थोडा होता. म्हणजे शेवट जोरदार असेल तर मधला चाळीस मिनिटांचा कंटाळा आठवणीतून निघून जातो, आणि तुमच्या सांगण्यावरून बघायला बसलेला माणूस नेमका तिथेच अडकतो.

लहान मुलांना 'आवडला का?' विचारू नका, उत्तर 'हो' असंच येतं. 'कोण आवडलं?', 'कुठे भीती वाटली?', 'मध्ये उठावंसं कधी वाटलं?' असे प्रश्न विचारा. मूल एखादा प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगू लागलं तर तो प्रसंग पोचला. त्याने सांगितलेला क्रम चुकला तर गोष्टीची मांडणी त्या वयाला अवघड होती, असं समजायला हरकत नाही.

विनोदी चित्रपटाला एक सूट वजा करावी लागते. हसण्यावर बरीच वर्षं संशोधन केलेले रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी नोंदवलंय की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट सोबत असताना हसतो. दहा माणसांच्या दिवाणखान्यात धमाल वाटलेला चित्रपट एकट्याने पाहताना फिका वाटू शकतो. मत देताना 'आम्ही सगळे मिळून पाहिला' हे जोडलं की पुरे.

आता व्यवस्था. याचा परिणाम लोक फार कमी धरतात, आणि चित्रपटावर होणारा बराचसा अन्याय इथेच होतो.

'चित्र मालिकेसारखं वाटलं, स्वस्तातलं वाटलं' ही तक्रार आली तर आधी टीव्हीचा मेनू उघडा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा) असतो, टीव्ही सेकंदाला ६० किंवा १२० वेळा चित्र ताजं करतो. मधली जागा भरायला टीव्ही स्वतः चौकटी तयार करून घालतो, आणि त्यातून तो अनैसर्गिक गुळगुळीतपणा येतो. हलत्या वस्तूंच्या कडेला चित्र फाटल्यासारखंही दिसतं. ही सोय सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी' (जुन्या संचांत 'ऑटो मोशन प्लस'), एलजीमध्ये 'ट्रूमोशन' आणि सोनीमध्ये 'मोशनफ्लो' या नावाने असते. ती बंद करा. बऱ्याच नव्या संचांत 'फिल्ममेकर मोड' असतो, २०१९ मध्ये जाहीर झालेला. तो लावला की ही सोय आणि जादा धार दोन्ही एकदम बंद होतात. मात्र या मोडमध्ये चित्र थोडं मंद आणि पिवळसर वाटतं, आणि घरातलं कुणीतरी लगेच 'आधीचंच बरं होतं' म्हणतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा, डोळा सरावतो.

'काही दिसतच नव्हतं, सगळा अंधार' ही दुसरी नेहमीची तक्रार. अंधारी दृश्यं अंधाऱ्या खोलीसाठी तयार केलेली असतात. दिवसा पडदे उघडे ठेवून किंवा डोक्यावरचा दिवा चालू ठेवून पाहिलं तर गडद भागातला तपशील काचेवरच्या प्रतिबिंबात बुडतो. टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवला तर डोळ्यांना त्रास होत नाही आणि काचेवरही काही पडत नाही. हे सगळं करूनही चेहरे दिसले नाहीत, तर मग छायालेखनाला नावं ठेवा.

'संवाद ऐकू येत नव्हते आणि मारामारीत कान फुटत होते' याचं कारण बहुतेक वेळा ध्वनीच्या निवडीत असतं. सहा वाहिन्यांच्या, म्हणजे ५.१ ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असतील तर सगळ्या वाहिन्या त्या दोनांत कोंबल्या जातात आणि संवाद संगीताखाली दबतात. चित्रपटगृहातला ध्वनी मुळातच मोठ्या चढउतारासाठी बांधलेला असतो, तो चढउतार घरच्या बारीक आवाजात मावत नाही. उपाय सोपे आहेत. ॲपच्या ध्वनी-यादीत 'स्टिरिओ' असा पर्याय असेल तर तो निवडा. टीव्ही किंवा साउंडबारमधला 'नाइट मोड' लावा, त्याने मोठे आवाज खाली येतात. ब्लूटूथ स्पीकर असेल तर ओठ आणि आवाज जुळतात का पहा. आवाज ओठांच्या साधारण १२५ मिलिसेकंद मागे पडला की बघणाऱ्याला ते जाणवू लागतं, आणि पुष्कळ ब्लूटूथ स्पीकर त्याहून मागे राहतात. तेवढ्यावरून चांगला अभिनयसुद्धा खोटा वाटू लागतो. मेनूत 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक' असेल तर जुळवा, नाहीतर सरळ वायर लावा.

पडद्यावरच्या वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या घालवण्यासाठी झूम करू नका. रुंदी-उंचीच्या २.३९:१ प्रमाणातलं चित्र १६:९ च्या टीव्हीवर पूर्ण भरलं तर रुंदीतला सुमारे चौथा भाग कापला जातो. दोन टोकांना उभ्या असलेल्या दोन पात्रांचं दृश्य त्यात गेलंच. अंतराचाही हिशेब आहे: टीव्हीच्या कर्णाच्या साधारण दीडपट अंतरावर बसलं तर चित्र डोळ्यांत पुरेसं भरतं. ५५ इंची संचासाठी ते सव्वादोन मीटरच्या आत येतं. घराघरांत लोक याच्या दुप्पट लांब बसतात आणि भव्य दृश्यांना 'ठीकठाक' म्हणतात.

भाषेचं राहिलं. डब केलेली आवृत्ती पाहिली असेल तर तुम्ही चेहरा एकाचा पाहिला आणि आवाज दुसऱ्याचा ऐकला. अशा वेळी अभिनयावर बोलताना चेहरा आणि देहबोली यांपुरतंच बोला, संवादांना वाईट म्हणण्याआधी हे लक्षात घ्या की ओठांशी जुळवण्यासाठी शब्द बदललेले असतात. सबटायटल्सवर पाहिलं तर विनोदाची वेळ चुकते, कारण शेवटचा शब्द उच्चारला जाण्याआधी डोळ्यांनी वाचून होतो. वाचनाचा वेग अजून न आलेल्या मुलांसाठी डबच बरं. दोन ओळी वाचता वाचता चित्र हातचं जातं.

इतकी चाळणी लावल्यावर जे उरतं ते चित्रपटाचं. आता तक्रार नेमकी करायची.

'लांबला' हा शब्द घ्या. दोन तासांचा चित्रपट लांबतो आणि पावणेतीन तासांचा लांबत नाही, म्हणजे प्रश्न मिनिटांचा नाही. माझ्या मते चार कारणं वारंवार दिसतात. प्रेक्षकाला आधीच कळलेली गोष्ट पात्रांना कळावी म्हणून पुन्हा सांगितली जाते. मुख्य पात्राला नेमकं काय हवंय हेच ठरलेलं नसतं, त्यामुळे प्रसंग घडतात पण पुढे काही सरकत नाही. प्रत्येक दृश्य दार उघडण्यापासून सुरू होतं आणि दार लावेपर्यंत चालतं. किंवा मूळ प्रश्न सुटल्यावरही तीन-तीन शेवट येत राहतात. तुमच्या 'लक्ष उडालं' नोंदीजवळ यातलं काय घडत होतं ते आठवा. ते दृश्य अख्खं काढलं तर पुढचं काही अडतं का? अडत नसेल तर दोष पटकथेचा. अडतं, पण दृश्य अर्ध्या वेळात झालं असतं, तर संकलनाकडे बोट दाखवता येतं. तेही जपून, कारण संकलकाच्या हाती मुळात काय चित्रण आलं होतं हे आपल्याला दिसत नाही.

अभिनय तपासायचा तर बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्या पात्राकडे पहा. दुसरा बोलत असताना चेहऱ्यावर विचार चालू आहे की आपल्या वाक्याची वाट पाहणं चालू आहे, हे दिसतं. पार्श्वसंगीतासाठी एक चाचणी: सर्वांत भावुक दृश्य दोन मिनिटं आवाज बंद करून पुन्हा पहा. दृश्य तरीही धरून ठेवत असेल तर संगीताने मदत केली. कोरडं पडलं तर सगळा भार संगीतच वाहत होतं. दृश्य-करामती खोट्या वाटल्या तर कुठे, ते पहा. पात्रावरचा प्रकाश एका बाजूने आणि मागच्या दृश्यातला दुसऱ्या बाजूने येत असतो, पाय जमिनीला टेकतात तिथे सावली नसते, किंवा अवजड वस्तू हलकी असल्यासारखी पडते. 'व्हीएफएक्स वाईट' याऐवजी यातलं एक वाक्य सांगा, ऐकणाऱ्याला चित्र दिसेल.

घरच्यांसोबत पाहण्याजोगा आहे का, हे विचारणाऱ्याला वयाचं प्रमाणपत्र पुरत नाही. ते फक्त मर्यादा सांगतं, आत काय आहे ते सांगत नाही. रक्त कितपत, आई-वडील किंवा प्राणी मरतो का, शिव्या, जवळिकीची दृश्यं, अचानक दचकवणारे आवाज, आणि लखलखणारे दिवे यांची नोंद द्या. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा प्रकाश प्रकाश-संवेदनशील अपस्मार (फिट येण्याचा आजार) असलेल्यांना झटका आणू शकतो. त्यामुळे ही ओळ कुणासाठी फार महत्त्वाची असते. शक्य असेल तर मिनिट सांगा: 'साधारण ४० व्या मिनिटाला दोन मिनिटांचं दृश्य आहे.' पालक तेवढ्यात मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवू शकतात.

गोष्ट किती सांगावी? पहिल्या पाव भागापर्यंतची, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात पहिल्या २५-३० मिनिटांची. त्यापुढे घटना सांगू नका, परिणाम सांगा: 'उत्तरार्धात सूर गंभीर होतो.' 'शेवटी मोठा धक्का आहे' हेही सांगू नका, माणूस शेवटपर्यंत धक्काच शोधत बसतो.

गुण द्यायचे तर मोजपट्टी सांगून द्या. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर ९० टक्के दिसले म्हणजे चित्रपटाला शंभरपैकी ९० मिळाले असं नसतं, तर समीक्षकांपैकी ९० टक्क्यांनी अनुकूल लिहिलं असं असतं. सगळ्यांना 'बरा' वाटलेला चित्रपटही तिथे खूप वर जातो. घरच्या चिठ्ठ्यांची सरासरी काढू नका. ९, ९, ४, ४ ची सरासरी साडेसहा, आणि साडेसहा तर कुणालाच वाटलेला नसतो. त्याऐवजी फूट जशी आहे तशी सांगा: कुणाला चालला, कुणाला नाही आणि कुठे.

सगळं जुळवल्यावर मत असं दिसेल: 'सहा जणांनी घरी, डब आवृत्ती पाहिली. बहिणींचं नातं खरं वाटतं, विशेषतः स्वयंपाकघरातला अबोल्याचा प्रसंग. पहिला तास घट्ट, मग खलनायकाची पूर्वकथा दोनदा सांगितल्याने ढिला. आजी-आजोबांना आवडला, आठ वर्षांच्या मुलाला मधला अर्धा तास जड गेला. थोडं रक्त, शिव्या नाहीत. संथ कौटुंबिक गोष्ट चालत असेल तर जरूर पहा, पाठलाग-मारामारीच्या अपेक्षेने बसू नका.' पाच-सहा ओळीच, पण विचारणाऱ्याचा निर्णय होतो.

आणि चित्रपट चालू असताना मध्येच डोळा लागला किंवा पाहुणे आले म्हणून अर्धा तास गेला, तर गुण देऊ नका. कोणता भाग पाहिला तेवढं सांगून त्याच भागाबद्दल बोला.