मास्तरीण कोण? मास्तरांची पत्नी की शाळेतल्या बाई?

नागपुरातील एका वाचकांना पणजीच्या पेटीत १९१९ सालचे एक पत्र सापडले. त्यात ‘काल वकिलीणबाई हळदीकुंकवाला येऊन गेल्या’ असे वाक्य आहे. या बाई स्वतः वकिली करीत होत्या काय, आणि त्याच न्यायाने ‘मास्तरीण’ म्हणजे शिक्षिका समजावी की मास्तरांची पत्नी, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. केवळ स्त्री आहे म्हणून कोणाला वकिली नाकारता येणार नाही, असा कायदा आपल्याकडे १९२३ साली झाला. तेव्हा १९१९ मधील वकिलीणबाई या वकीलसाहेबांच्या पत्नीच होत.

दुसरा प्रश्न अधिक रंजक आहे. ‘-ईण’ हा प्रत्यय मराठीत ‘त्याची बायको’ आणि ‘ते काम करणारी स्त्री’ असे दोन्ही अर्थ देतो, आणि कुंभारीण, परटीण, कोष्टीण या शब्दांत ते दोन अर्थ वेगळे काढताच येत नाहीत. नागपुरात गोळीबार चौकाच्या बाजूच्या जुन्या कोष्टी (विणकर) घरांत पुरुष मागावर बसे आणि घरातील बाई रहाटावर कांड्या भरून देई. कांडी भरलेली नसेल तर आडवा धागा नेणारा धोटा रिकामा राही आणि माग थांबे. अशा घरात कोष्टीण ही कोष्ट्याची बायको आणि कारागीर एकाच वेळी असते, त्यामुळे ‘कोणत्या अर्थाने कोष्टीण?’ असे विचारण्याची वेळ कोणावर आली नाही. पगारी आणि शिक्षणावर आधारलेल्या व्यवसायांत मात्र काम घराबाहेर गेले, बायको घरात राहिली, आणि मास्तरीण, वकिलीण, डॉक्टरीण या शब्दांत केवळ नवऱ्याचा मान उरला. प्रत्यय तोच होता. कामाची वाटणी बदलली, तसा त्याचा अर्थ अर्धा झाला.

पुढे स्त्रिया शाळांत शिकवू लागल्या तेव्हा ‘मास्तरीण’ ही जागा आधीच भरलेली होती. म्हणून शहरी शाळेने ‘बाई’ हा शब्द घेतला आणि नंतर ‘मॅडम’ आल्या. खेड्यापाड्यांतील वऱ्हाडी बोलीत, जिथे ‘ण’चा ‘न’ होतो, तिथे ‘मास्तरीनबाई’ हा शब्द शिकवणाऱ्या बाईंसाठीही सर्रास ऐकू येतो आणि त्यात अनादर नसतो. तेव्हा दोन्ही अर्थ बरोबर आहेत. कोणता घ्यायचा ते पत्राचा काळ आणि संदर्भ पाहून ठरवावे.

हा प्रकार मराठीपुरता नाही. रशियन भाषेत ‘गेनेरालशा’ म्हणजे सेनापतीची पत्नी. सोव्हिएत काळात डॉक्टरांमध्ये स्त्रियांचीच बहुसंख्या झाली, तरी ‘व्राच’ हा पुल्लिंगी शब्दच प्रतिष्ठेचा राहिला आणि ‘व्राचिखा’ला हलकेपणाचा वास चिकटला. जर्मन भाषा नेमकी उलट वाटेने गेली. तेथेही ‘-इन’ हा प्रत्यय पूर्वी पत्नीसाठी वापरला जाई. आज तोच शिक्षिकेचे अधिकृत पद दाखवतो, आणि २००५ साली आंगेला मेर्केल त्याच प्रत्ययासह ‘कान्त्स्लरिन’, म्हणजे स्त्री चान्सेलर, झाल्या.

यावरून व्याकरणच स्त्रीचे स्थान ठरवते, असा तर्क काही उत्साही मंडळी करतात. मला तो पटत नाही. आपल्या शेजारच्या गोंडी भाषेत पुरुषवाचक नामांचा एक वर्ग असतो आणि स्त्रिया, प्राणी, वस्तू या सगळ्यांचा दुसरा. एवढ्यावरून गोंड समाजाबद्दल निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. फारसीत ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम आहे, पण त्यामुळे इराणमध्ये बायकांची कामे आणि पुरुषांची कामे हा भेद मिटलेला नाही.

उलट दिशेची उदाहरणेही पाहावीत. ‘सुईण’ या शब्दाला मराठीत पुल्लिंगी जोड नाही, कारण ते काम पुरुषाचे मानलेच गेले नाही. पुरुष त्या क्षेत्रात आले ते ‘प्रसूतितज्ज्ञ’ हे संस्कृत नाव घेऊन. (रुग्णालयातील पुरुष परिचारकाला ‘ब्रदर’ म्हणतात, तेही ‘सिस्टर’च्या नात्याने.)

सर्वांत ताजे उदाहरण ग्रामपंचायतीतले आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले, आणि हजारो स्त्रिया सरपंच झाल्या. ‘सरपंच’ला ‘-ईण’ लागला नाही. लोक ‘सरपंचबाई’ म्हणू लागले. मात्र सभेत पुढच्या खुर्चीवर बसून बाईंच्या वतीने बोलणाऱ्या यजमानांसाठी ‘सरपंचपती’ हा नवा शब्द तयार झाला. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा ‘पती’ या शब्दावर बरीच चर्चा झाली होती. तेथे त्याचा अर्थ ‘प्रमुख’ असा आहे. ‘सरपंचपती’मध्ये तो निव्वळ नवरा आहे, आणि रचनेने हा शब्द १९१९ मधील ‘वकिलीणबाईं’चा सख्खा भाऊ आहे. फरक एवढाच की वकिलीणबाई हळदीकुंकू घेऊन परत जात, कोर्टात उभ्या राहत नसत.