एक स्विच बंद, चाळीस इशारे

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात नागिओस (जाळ्यातील यंत्रांवर लक्ष ठेवून बिघाडाचा इशारा देणारी संगणकप्रणाली) बसवले आहे. प्रयोगशाळेचा एक नेटवर्क स्विच (संगणकांना जाळ्याशी जोडणारे यंत्र) बंद पडला की त्यामागच्या चाळीस संगणकांचे चाळीस इशारे येतात आणि मूळ बिघाड त्यांत हरवतो. काय करावे?

उत्तर : आपली अडचण अगदी खरी आहे, कारण इशाऱ्यांचा असा पूर आला की माणसे ते वाचणेच सोडून देतात. कोणते यंत्र कोणामागे जोडलेले आहे, हे आपण नागिओसला सांगितलेले दिसत नाही. प्रत्येक संगणकाच्या व्याख्येत ‘पेरेंट्स’ या शब्दापुढे त्या स्विचचे नाव लिहावे; मग स्विच पडल्यावर संगणक ‘डाउन’ (बंद) नव्हे, तर ‘अनरीचेबल’ (पोहोचता न येणारे) ठरतात. एवढ्यावर मात्र थांबू नये. कोणत्या स्थितीत इशारा द्यायचा हे ठरवणाऱ्या ‘नोटिफिकेशन ऑप्शन्स’मध्ये ‘डी, यू, आर’ (डाउन, अनरीचेबल आणि रिकव्हरी म्हणजे पूर्ववत होणे) असे असेल, तर त्यातला ‘यू’ काढल्याशिवाय इशारे थांबत नाहीत, आणि नेमके हेच बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जोडणी क्षणभर खंडित झाली तरी इशारा येऊ नये यासाठी ‘मॅक्स चेक अटेम्प्ट्स’ (किती वेळा तपासून मग बिघाड पक्का मानायचा तो आकडा) ३ किंवा ४ ठेवावे. बदलानंतर ‘नागिओस -व्ही’ या आज्ञेने मांडणी तपासावी, नागिओस रीलोड करावे आणि सुट्टीच्या दिवशी स्विचची जोडणी स्वतः काढून खात्री करावी.